अडीच किलोचं बाळ : खोट्या आकड्याचं दुखणं



या पानावर आपण तापाबद्दल, जुलाबांबद्दल, अंगात रक्त कमी असण्याबद्दल बोलतो. आज वेगळ्याच दुखण्याबद्दल बोलायचं आहे. ते अंगाला होत नाही, कागदाला होतं, पण भोगावं लागतं माणसालाच. ते दुखणं म्हणजे खोटा आकडा. आणि त्याची सुरुवात आम्ही आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही नुकतेच एका दवाखान्याच्या प्रसूती विभागात लागलो होतो. रात्रपाळीत एक बाळ जन्मलं. काट्यावर वजन भरलं 2 किलो 300 ग्रॅम. वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, "अडीच लिही गं. तेवीसशे लिहिलंस तर उद्या कारणं देत बसावं लागेल." आम्ही नवीन होतो. अडीच लिहिलं. दोनशे ग्रॅमचा तर प्रश्न, असं मनाशी म्हटलं आणि विसरून गेलो.

सहाव्या दिवशी ती आई बाळाला घेऊन परत आली. बाळ थंडगार पडलेलं, अंगावर ओढेना. वजन केलं तर 2 किलो 150 ग्रॅम. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. अडीच किलोचं बाळ सहा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम उतरलं! ते त्या आईवर ओरडले, "बाळाला पाजतेस का नाही?" ती बिचारी रडत सांगत होती, "पाजते हो साहेब, रात्रभर पाजते." सासूही तिच्याकडे संशयानं बघायला लागली.

आता हिशेब पाहा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत कोणत्याही बाळाचं वजन थोडं उतरतं. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा घाबरायचं नसतं. खऱ्या 2300 ग्रॅमवरून 2150 म्हणजे दीडशे ग्रॅम, साडेसहा टक्के. खोट्या 2500 वरून 2150 म्हणजे चौदा टक्के. आई खोटं बोलत नव्हती. खोटं आम्ही लिहिलं होतं. ते बाळ मुळातच कमी वजनाचं होतं. त्याला पहिल्या दिवसापासून जास्त ऊब आणि जास्त वेळा दूध लागत होतं, आणि हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कागदावर ते बाळ ठीकठाक होतं. आम्ही तिथेच उभे होतो. आमचं तोंड उघडलं नाही.

बाळ वाचलं, दोन दिवसांत सावरलं. पण तिच्यावर आलेला आळ आम्ही पुसला नाही. आज इतक्या वर्षांनी तो धडा तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

अडीचच का लिहितात?

जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असेल तर ते कमी वजनाचं बाळ, अशी जगभर मानलेली व्याख्या आहे. अशा बाळाला लवकर थंडी बाधते, जंतुसंसर्ग लवकर होतो, ओढायला ताकद कमी पडते. म्हणून त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं, आठवड्याला वजन करायचं. ही सगळी काळजी त्या एका आकड्यावरून सुरू होते.

पण त्याच आकड्यावरून वर विचारणाही होते. इतकी बाळं कमी वजनाची का? गरोदरपणात लक्ष कुणी दिलं नाही? मग खालच्या माणसाला वाटतं, अडीच लिहिलं की सगळेच सुटले. त्यामुळे अनेक ठिकाणच्या नोंदवह्यांमध्ये दोन किलो, अडीच किलो, तीन किलो या आकड्यांवर गर्दी दिसते. निसर्गात बाळं अशी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं जन्मत नाहीत.

यातला प्रत्येक अडीच लबाडीचाच असतो असं नाही. काटा जुना असतो, त्यावरच्या खुणा लांब लांब असतात, घाईत जवळचा आकडा लिहिला जातो. रक्तदाबाचंही तसंच. ओळीनं वीस माणसांचं बीपी 120/80 लिहिलेलं दिसलं, तर समजावं की पट्टा फार थोड्या दंडांना बांधला गेला असेल. खरं मोजलं की शेवटचा आकडा वेगवेगळा येतो. 2340, 2710, 2480 असे ओबडधोबड आकडे दिसले की आम्हाला बरं वाटतं.

एक आकडा किती लांब जातो

बाळाच्या कार्डावरचा आकडा तिथेच राहत नाही. तो नोंदवहीत जातो, महिन्याच्या अहवालात जातो, पालिकेत किंवा जिल्ह्याला जातो, तिथून राज्याला जातो.

समजा, एका दवाखान्यात 100 बाळं जन्मली. त्यातली 24 खरोखर कमी वजनाची आहेत. त्यातल्या 10 बाळांना कुणी अडीचवर नेऊन बसवलं. अहवालात उरली 14. वरच्या कार्यालयात लोक खूश, कमी वजनाचं प्रमाण 24 टक्क्यांवरून 14 वर आलं! मग वस्तीतल्या गरोदर बायांच्या आहारासाठी जादा पैसे कशाला? जादा सिस्टर कशाला? दहा कागदांवरची दहा खोटी वजनं, आणि त्या वस्तीच्या ताटातला घास कमी झाला. ज्यांनी लिहिलं त्यांना हे कधी कळतही नाही.

दुसरी फसवणूक आणखी गुपचूप होते. समजा, 100 बाळं जन्मली, पण वजन फक्त 80 बाळांचं झालं. अहवालात टक्का त्या 80 बाळांवर काढला. उरलेली 20 कुठली? घरी जन्मलेली, रात्री रिक्षात जन्मलेली, काटा बंद होता त्या दिवशीची. म्हणजे ज्यांना धोका जास्त, बहुधा तीच मोजणीच्या बाहेर राहिली. म्हणून कुणीही टक्केवारी सांगितली की आपण एकच प्रश्न विचारायचा, "हे किती जणांपैकी? आणि कोण सुटलं?"

आणि एक नीट लक्षात ठेवा. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "या महिन्यात बालमृत्यू शून्य" म्हणजे चौकशी केली आणि एकही झाला नाही. "चौकशीच केली नाही" म्हणजे जागा रिकामी. रिकाम्या जागी शून्य भरणं म्हणजे मेलेल्या लेकराची नोंद पुसून टाकणं.

दिवा आणि नोंदवही

आम्हा परिचारिकांना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा दाखवतात. त्यांच्या हातातली नोंदवही मात्र फारशी कुणी दाखवत नाही. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तिथे सैनिकांच्या मृत्यूंच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या जात होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. किती माणसं मेली हेच सरकारला धड माहीत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीनं सगळे आकडे तपासले. बहुतेक सैनिक लढाईतल्या जखमांनी मेले नव्हते. घाण, तुंबलेली गटारं, दाटीवाटी यातून होणाऱ्या रोगांनी मेले होते.

यातली मोठी गोष्ट ही, की त्यांच्या स्वतःच्या इस्पितळातही माणसं भराभर मेली होती. ते आकडे त्यांनी झाकले नाहीत, उघड मांडले. त्यामुळेच लष्करी इस्पितळांच्या स्वच्छतेत सुधारणा झाली. 1858 साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री.

आपल्या महाराष्ट्रातलंही उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावागावांत घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरीच घेतली, आणि बाळं वाचतात हे मोजून दाखवलं. 1999 साली ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे 2001 साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त लेकरं मरतात, हे त्यानं दाखवलं. सरकारलाही मग त्याची दखल घेऊन समिती नेमावी लागली.

आज बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आपल्या दारात येते, त्या घरभेटींच्या मुळाशी हे घरोघरचं खरं मोजणं आहे.

मोजणीत नाही तो हक्कात नाही

आपल्या समाजाला हे कुणी शिकवायला नको. 1932 साली मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी लोथियन समिती फिरत होती. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी तेव्हा सांगितलं की आमच्याकडे अस्पृश्य नाहीतच, किंवा असले तर अगदी थोडे. 1911 च्या जनगणनेत अस्पृश्यांची संख्या कळावी म्हणून दहा कसोट्या लावल्या होत्या, त्यातून कोट्यवधी माणसं पुढे आली होती. संख्येवरून जागा मिळणार असं दिसताच ती माणसं कागदावरून गायब व्हायला लागली. बाबासाहेबांनी ते चालू दिलं नाही. या प्रकरणाबद्दल त्यांनी पुढे सविस्तर लिहूनही ठेवलं.

हे जुनं झालं असं समजू नका. 2021 साली संसदेत उत्तर आलं की हातानं मैला उचलण्याच्या कामामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. त्याच सुमारास गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना नऊशेहून अधिक कामगार मेल्याची आकडेवारीही सरकारकडेच होती. मग शून्य कुठून आलं? व्याख्येतून. मैला उचलणं वेगळं आणि गटारात उतरणं वेगळं, असं ठरवलं की आकडा शून्य होतो. इथे बेरीज चुकलेली नाही. काय मोजायचं तेच आधी बदललं. म्हणून आकडा ऐकला की त्याची व्याख्याही विचारायची.

आपल्याच बाजूनं खोटं लिहावंसं वाटतं तेव्हा

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. आता अवघड भाग.

नोकरी सोडून आम्ही वस्तीच्या कामात पडलो. एका वस्तीत नळाला गटाराचं पाणी मिसळून जुलाबाची साथ आली. पोरांनी ठरवलं, घरोघर मोजणी करायची आणि निवेदन द्यायचं. मोजणी झाली. आजारी घरं पुष्कळ निघाली, पण पोरांना आकडा कमी वाटला. मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, दुप्पट लिहा. एवढ्यानं साहेब हलणार नाही. आपलं काम तर खरंच आहे ना?"

खरं सांगतो, आमचाही हात वळवळला. ते पाणी आम्ही पाहिलं होतं, त्या उलट्या पाहिल्या होत्या. पण ती सहाव्या दिवशीची आई आठवली. सिस्टरही तर चांगल्या मनानंच म्हणाल्या होत्या. आम्ही म्हटलं, "एक घरही वाढवायचं नाही. त्याऐवजी प्रत्येक आजारी घराची गल्ली, आजारी माणसाचं वय आणि आजाराची तारीख लिहू. कुठली घरं बंद होती तेही लिहू." पोरं नाराज झाली. दोन जण तर बैठकीतून उठून गेले.

आठवड्यानं पालिकेचा माणूस यादी घेऊन आला आणि मनाला येईल ती घरं निवडून चौकशी करायला लागला. प्रत्येक घर जुळलं. तारखा गल्लीवार लावल्या तेव्हा आजार कुठल्या गल्लीतून सुरू झाला हेही दिसलं, आणि त्याच गल्लीत फुटकी पाइप सापडली. आम्ही दुप्पट लिहिलं असतं तर चार घरं विचारल्यावरच ते हसले असते आणि आमचं खरंही खोट्यात गेलं असतं. गरिबाचा खरा आकडासुद्धा लोक दोनदा तपासतात. खोटा निघाला तर पुढची दहा वर्षं आपल्या वस्तीचं कुणी ऐकत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी

आशाताई, अंगणवाडी सेविका, सिस्टर, मंडळाची मोजणी करणारी मुलंमुली, सगळ्यांसाठी हे सांगणं आहे.

1. मोजा, मग लिहा. आठवून किंवा अंदाजानं लिहू नका. अंदाज असेल तर समोर "अंदाजे" असं लिहा.
2. काटा आधी शून्यावर आणा. एक किलोचं वजन ठेवून तो बरोबर दाखवतो का पाहा.
3. चूक झाली तर खोडरबर नको. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा. चूक दुरुस्त करण्यात कमीपणा नाही.
4. मोजलं नसेल तर "मोजलं नाही" लिहा. शून्य लिहू नका.
5. आपल्या मनाविरुद्ध आकडा आला तरी तोच पुढे द्या.
6. नाव गुप्त ठेवा. कुणाला टीबी आहे, कुणाला एचआयव्ही आहे, कुणाचा गर्भपात झाला, हे व्हॉट्सॲपवर किंवा चावडीवर जायला नको. एकदा बाहेर फुटलं की पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

हे आमच्या घरचे नियम नाहीत. सरकारी आकडेवारी कशी असावी याची तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2014 साली मान्य केली आणि 2016 साली भारत सरकारनंही ती स्वीकारली. निःपक्षपणा, पद्धत उघड ठेवणं आणि व्यक्तीची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांचं सार आहे.

वरच्या लोकांनाही एक सांगणं आहे. कमी वजनाचं बाळ नोंदवणाऱ्या सिस्टरला नोटीस देऊ नका. जी खरं लिहिते तिलाच शिक्षा झाली, तर उद्या सगळी बाळं अडीच किलोचीच जन्मतील.

सांगणाऱ्यांसाठी

आता आपली बाजू. सर्वेक्षणाला कुणी दारात आलं की आपणही खोटं सांगतो. मशेरी लावतो, पण "नाही" म्हणतो. नवरा मारतो, पण "सगळं ठीक" म्हणतो. लोहाच्या गोळ्या फळीवर पडून असतात, पण "घेते ना" म्हणतो. लाज वाटते, भीती वाटते, हे आम्हाला समजतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या कामात सगळी घरं विचारत नाहीत. काही घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात. तुमचं घर निघालं तर तुमचं उत्तर हजारो घरांच्या वतीनं असतं.

आधी विचारा, "तुम्ही कोण, कुणाकडून आलात, माहितीचं काय करणार?" ओळखपत्र पाहा. हा तुमचा हक्क आहे. जनगणनेत सांगितलेली तुमची माहिती 1948 च्या जनगणना कायद्यानुसार गुप्त असते, ती कोर्टातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. खात्री पटली की खरं सांगा. सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगता येत नसेल तर "एकटीशी बोला" असं सांगा.

या महिन्यात एवढं करा

घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. जन्माचं वजन, तारखा, लसी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. बाळंतपणाच्या वेळी बाळाचं वजन करताना घरातल्या एका बाईनं काट्याकडे पाहावं आणि "ताई, नक्की किती भरलं?" असं प्रेमानं विचारावं.

घरात कुणी गेलं तर दुःखातही 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कारण काय लिहिलं ते विचारा. नुसतं "हृदय बंद पडलं" हे कारण नव्हे, मरताना प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. ते कशानं बंद पडलं, टीबीनं, काविळीनं, गटारातल्या वायूनं, बाळंतपणातल्या रक्तस्रावानं, ते लिहिलं गेलं पाहिजे. नाहीतर आपली माणसं कशानं मरतात हे कुणालाच कधी कळणार नाही.

आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं आहे. आम्ही बरीच वर्षं समजत होतो की ते फक्त तोंडाला लागू आहे. पेनालाही लागू आहे हे त्या आईनं शिकवलं. तिचं नाव आम्हाला आठवत नाही, माफी मागायला ती पुन्हा भेटली नाही. तिच्या बाळाचं वजन मात्र पक्कं आठवतं. दोन किलो तीनशे ग्रॅम.

जयभीम! नमो बुद्धाय!